रबरी नाक, क्रोमची हौस

पाना-पकड : वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो, की माझी एमजीबी (एमजी या ब्रिटिश कंपनीची स्पोर्ट्स गाडी) १९७७ची आहे पण दिसते १९७३ची. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली तेवढी कार्ब्युरेटरवर सलग तीन अंक लिहूनही आली नव्हती. त्यामुळे या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले आहेत. ब्रेक कुरकुरणाऱ्यांनी महिनाभर दम धरावा, आणि तोवर गाडी सावकाश चालवावी.

प्रश्न : माझ्याकडे १९७८ची एमजीबी आहे. टप उघडणारी, पिवळी, काळ्या रबरी बंपरची. मला पहिल्यापासून क्रोमच्या बंपरची आणि चकाकत्या जाळीची गाडी हवी होती, पण मिळाली ही. बदलायचा तयार संच मिळतो असं कळलं. दोन शनिवार-रविवारांत काम होईल का? – पिवळीचा मालक

उत्तर : दोन शनिवार-रविवारांत जुने बंपर निघतील. काम खरं तर तिथून पुढे सुरू होतं.

ते काळं नाक आलं कुठून, हे आधी पाहू. एमजीबी १९६२ साली इंग्लंडातल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तिचे बंपर म्हणजे पत्र्याच्या बारीक चकचकीत पट्ट्या होत्या. एमजीचा मोठा गिऱ्हाईक अमेरिका. तिथं १९७३च्या मॉडेलपासून नियम आला, की समोरून ताशी ५ मैलांनी आणि मागून अडीच मैलांनी धक्का बसला तरी दिवे वगैरे शाबूत राहिले पाहिजेत. पुढच्या वर्षी मागच्या बाजूलाही ५ मैल झाले, शिवाय धक्का जमिनीपासून १६ ते २० इंचांच्या पट्ट्यात झेलायचा. एमजीवाल्यांनी आधी अमेरिकेच्या गाड्यांना बंपरवर रबराचे दोन टपोरे उंचवटे लावून वेळ मारून नेली. त्या उंचवट्यांना लोक ‘सबरीना’ म्हणत, त्या काळच्या एका ब्रिटिश नटीवरून. का म्हणत ते मला विचारू नका, चित्र बघा. सप्टेंबर १९७४ मध्ये मग आतून पोलादी सांगाडा आणि वरून पॉलियुरेथेन असा अख्खा जाड बंपरच आला. आपण त्याला रबर म्हणतो, पण ते रबर नव्हे. उंचीच्या नियमात बसावं म्हणून सगळी गाडीच दीड इंच वर उचलली. वेगळी गाडी कोण बनवत बसणार, म्हणून इंग्लंडातल्या गिऱ्हाइकांनाही तीच मिळाली.

या सगळ्यातला दीड इंच तेवढा लक्षात ठेवा. तुमच्या डोळ्याला जे खुपतं त्यातलं निम्मं त्या दीड इंचात आहे.

हे मला उशिरा कळलं. मी आधी बंपर बदलले आणि उंचीचं नंतर बघू म्हणालो. एक अख्खा उन्हाळा माझी गाडी क्रोमचे बंपर लावून, पण चाकांच्या वर एवढं मोकळं अंतर ठेवून फिरली. धोतर वर खोचून ओढा ओलांडणाऱ्या माणसासारखी दिसायची. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता यायचं नाही, पण काहीतरी चुकलंय हे प्रत्येकाला कळायचं. म्हणून तुम्हाला माझा सल्ला उलट्या क्रमाचा आहे : आधी गाडी खाली बसवा. रबरी बंपर तसेच राहू द्या. दोन महिने चालवा, लांबून बघा, फोटो काढा. त्यानंतरही क्रोम हवंच असेल तर मला पुन्हा लिहा. हे केलेल्या माझ्या ओळखीतल्या तिघांपैकी दोघे तिथंच थांबले. एकाने बंपरांना गाडीचाच रंग दिला. चांगली दिसते.

खाली बसवल्याने चालही सुधारते. गाडी उचलली तेव्हा वळणावर तिचं अंग जास्त झुकायला लागलं, आणि त्यात भर म्हणून टप उघडणाऱ्या गाड्यांचा पुढचा अँटी-रोल बारही (वळणावरचं झुकणं आवरणारा दांडा) काढून टाकला होता. १९७७च्या मॉडेलपासून पुढे आणि मागे दोन्हीकडे बार आले, तेव्हा कुठं ती पुन्हा माणसांत आली. तुमची १९७८ची आहे, म्हणजे दोन्ही बार असायला हवेत. वाकून खात्री करा. मधल्या मालकांनी काय काय काढून ठेवलं असेल याचा नेम नसतो.

पुढे आखूड कॉइल स्प्रिंगा घाला. सबंध क्रॉसमेंबर (पुढचं सस्पेन्शन ज्यावर बसतं ती आडवी तुळई) जुन्या गाडीचा बसवावा असं कुणी सांगेल, आणि कागदावर ते बरोबरही आहे, कारण कारखान्याने उंची तिथंच वाढवली होती. पण क्रॉसमेंबर बदलला की स्टीअरिंगचा रॅक आणि वरून येणारा दांडा यांचा कोन जुळत नाही, आणि त्या जोडाशी खेळणं घरच्या गॅरेजचं काम नव्हे. आखूड स्प्रिंगांनी दिसायला तेच मिळतं. फक्त खड्ड्यात आदळल्यावर वर जायला जागा कमी उरते, म्हणून बंप-स्टॉपचे रबर तपासा, ते लगेच टेकत असतील तर आखूड बसवा. मागच्या बाजूला दोन वाटा आहेत : ॲक्सल आणि कमानपाटा यांच्यामध्ये ठोकळा घालून लांब यू-बोल्ट लावायचे, नाहीतर कमी बाकाचे कमानपाटेच घ्यायचे. ठोकळा स्वस्त आणि झटपट. मला तो आवडत नाही. जुने पाटे आधीच थकलेले असतात, एक बाजू जास्त बसलेली असते, आणि ठोकळा घातला की ते तिरपेपण तसंच खाली येतं. नवे पाटे घाला, शंभरेक मैल चालवून त्यांना बसू द्या, आणि मग मोजा.

मोजायचं ते चाकाच्या मध्यबिंदूपासून वर मडगार्डाच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजलंत तर टायर, हवा आणि फरशीचा उतार, सगळ्यांचा हिशेब त्यात घुसतो. चारही आकडे लिहून ठेवा, काम सुरू करण्याआधीचे आणि नंतरचे. हेडलाइटचा झोतही नंतर पुन्हा लावून घ्या.

आता समजा, दोन महिने झाले आणि तुमचं मन क्रोमवरच अडलंय. तर मग कोणत्या सालची गाडी करायची ते एकदाच ठरवा आणि कागदावर लिहून गॅरेजच्या भिंतीला चिकटवा. ‘जुनी’ असं साल नसतं. १९६२ ते १९६९ची जाळी उभ्या चकचकीत पट्ट्यांची. १९७०च्या मॉडेलला एमजीच्या मालक कंपनीने, ब्रिटिश लेलँडने, ती काळी, आत ओढलेली केली, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. १९७३च्या मॉडेलला पुन्हा क्रोमची चौकट आली, आत काळी मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी. तुमच्या गाडीला सर्वांत जवळची ही शेवटची. मागचे चौकोनी दिवे, दारांच्या मुठी, रोस्टाइल नावाची पोलादी चाकं, सगळं १९७३-७४च्या गाडीशी आधीच जुळतं. बंपर, जाळी, उंची एवढं बदललं की गाडी एका सालची दिसते.

१९६४ची करायला निघालात तर मागचे दिवे बदला, मग चाकं, मग सीटा, आणि दाराच्या मुठीपाशी येऊन अडकाल : १९६५पर्यंतच्या मुठी ओढायच्या होत्या, नंतर बटणाच्या आल्या, आणि त्या बदलायच्या तर दारं बदला. मग दार उघडलं की आत तुमचा १९७७नंतरचा प्लॅस्टिकचा डॅशबोर्ड हसत बसलेला. एका गृहस्थांनी हे सगळं पार पाडलेलं मी पाहिलंय. सात वर्षं लागली, आणि शेवटी ते म्हणाले की एवढ्यात १९६४चीच मिळाली असती.

माझ्या गाडीत अजून १९७७च्या पट्ट्यापट्ट्यांच्या सीटा आहेत, समुद्रकाठच्या कापडी खुर्च्यांसारख्या. भिंतीवरच्या कागदात बसत नाहीत. पण आमच्या घरात त्या सीटांबद्दल मतदान झालं आणि मी हरलो.

आता पत्र्याकडे येऊ. बंपर सोडवताना मदतीला माणूस घ्या. आतलं पोलाद धरून तो भलता जड आहे, आणि शेवटचा बोल्ट सुटला की थेट पायावर येतो. तो निघाला की खाली काहीच नाही असं दिसेल, कारण खरंच काही नसतं. क्रोमच्या गाडीला जाळीखाली पत्र्याची एक खालची पट्टी असते, तुमच्या गाडीला ती कधी दिलीच नाही, कारण बंपरनेच ती जागा झाकली होती. ती बसवावी लागेल. पुढच्या चौकटी-दांड्यांची टोकं जड बंपर पेलायला वेगळी केलेली असतात, क्रोमच्या बंपरचे पाय त्यांवर सरळ बसत नाहीत. काही संचांत जोड-ब्रॅकेट येतात, काही लोक टोकं कापून नीट करतात. या गाडीला वेगळी चासी नाही, ते दांडे अंगाचाच भाग आहेत. त्यामुळे कापायचं असेल तर ज्याला वेल्डिंग खरोखर येतं त्याच्या हातून.

मग इंडिकेटर. रबरी गाडीचे पुढचे इंडिकेटर बंपरमध्ये असतात. बंपर गेला की दिवेही गेले. क्रोमच्या गाडीत ते मडगार्डात, हेडलाइटखाली. इथं मी शहाणपणा केला. जुनेच मडगार्ड ठेवले, कागदाचा नमुना कापला, भोकं पाडली, आतून तुकडे जोडले, पुट्टी भरून घासलं. डावा दिवा उजव्यापेक्षा सहा मिलिमीटर वर बसला आहे. आजवर कुणाला दिसला नाही. मला रोज सकाळी दिसतो.

तेव्हा तुम्ही मडगार्डच बदला. एमजीबीचे पुढचे मडगार्ड बोल्टवर असतात, वेल्ड केलेले नसतात, ही या गाडीची मोठी मेहेरबानी. काही बोल्ट दार उघडल्यावर दिसतात, काही चाकाच्या पोकळीतून, काही अशा कोपऱ्यात की हाताला दोन सांधे जास्तीचे असते तर बरं झालं असतं असं वाटतं. सगळ्यांवर आठवडाभर आधीपासून गंज सोडवणारं तेल मारत राहा. मडगार्ड निघाला की आतलं दर्शन होईल, आणि तिथं गंज दिसलाच तर बंपर विसरा, आधी तो.

विशेषतः दारांखालचे सिल. पक्कं छप्पर नसलेल्या गाडीची ताकद तिथं असते : आतला, मधला आणि बाहेरचा असे पत्र्याचे तीन थर. बाहेरच्यावर नवा पत्रा चिकटवून रंग मारलेल्या गाड्या ढिगाने आहेत. सिल कापायचे असतील तर आधी दारांच्या चौकटीत आडवा दांडा टाकून ती बांधून घ्या आणि गाडी नीट टेकवून ठेवा, नाहीतर मधोमध वाकते. मग दार उघडतं पण मिटत नाही.

मागच्या बाजूला काम कमी, पण चिकट. मागच्या मडगार्डांचे खालचे कोपरे रबरी बंपर वळून बसावा म्हणून वेगळे आहेत, तिथं छोटे तुकडे वेल्ड करावे लागतात. आणि नंबरप्लेटचे दिवे बंपरबरोबर गेले, त्यांची सोय करायची आठवण ठेवा. मी विसरलो होतो. पोलिसाने आठवण करून दिली.

यानंतर रंग. नवे मडगार्ड, नवी पट्टी, नवे तुकडे, आणि त्यांच्या मधोमध चाळीसहून अधिक वर्षं ऊन खाल्लेला पिवळा. जुळणार नाही. म्हणजे निदान पुढचा अर्धा भाग रंगवायचा, आणि तो रंगवला की मागचा मळकट दिसतो. संचाची किंमत बघून जे लोक उडी मारतात ते इथं येऊन थांबतात, आणि जाहिरातींत ‘अर्धवट काम झालेली गाडी’ म्हणून जी दिसते ती बहुधा याच पायरीवरची असते.

कागदपत्रं सोपी आहेत. इंग्लंडात गाडीला ४० वर्षं झाली की अर्ज करून करमाफी मिळते आणि एमओटी ही वार्षिक तपासणीही लागत नाही, मात्र गाडीत मूलभूत बदल केलेले नसावेत. रंग बदललात तर लॉगबुकात कळवावं लागतं. विमेवाल्याला सगळे बदल लेखी सांगा. आणि साल १९७८च सांगायचं. चासी नंबराच्या सुरुवातीची ‘जीएचएन५’ ही अक्षरं १९७०च्या क्रोमच्या गाडीलाही आहेत आणि १९७८च्या रबरी गाडीलाही, त्यामुळे नुसत्या त्यांवरून काही उघड होत नाही. पुढे विकताना याचा फायदा घ्यावा असं कुणी सुचवलं तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात असतो. माझ्या यजमानांची १९७९ची एमजीबी आहे. त्यांना क्रोमचे बंपर आणि जोडीला जुने दोन कार्ब्युरेटरही बसवायचे आहेत. मी तुमचं सदर वाचते, ते वाचत नाहीत, म्हणून मी विचारते. – कॅलिफोर्नियाहून एक वाचक

उत्तर : ताई, बंपरांचं वर लिहिलंच आहे, ते त्यांच्या चहाच्या कपाशेजारी उघडं ठेवा. कार्ब्युरेटरचं मात्र थांबवा. तुमच्या राज्यात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या तपासणीतून सूट आहे, १९७६ पासूनच्यांना नाही. गाडी १९७३ची दिसली म्हणून तपासणीवाला तिला १९७३ची समजणार नाही. तुमच्या गाडीवर कारखान्याने एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर दिला, धुराची सगळी नळ्यांची जाळी त्याच्याशी बांधलेली. जुने दोन एसयू कार्ब्युरेटर बसवले की गाडी नक्कीच मोकळा श्वास घेते, आणि तपासणीत बसते. नापास होऊन बसते म्हणतो मी.

आणखी एक. त्यांना काचेवरचे वायपर मोजायला सांगा. तीन निघतील. अमेरिकेच्या टप उघडणाऱ्या गाड्यांना १९६८च्या मॉडेलपासून तीन आहेत, बाकी जगाला दोन. अगदी सुरुवातीच्या गाडीचा आव आणायचा असेल तर तिसरा वायपर चुगली करतो. १९७३-७४चं अमेरिकी रूप धरलंत तर तीनच बरोबर.

प्रश्न : काका, मी नुकतीच पहिली गाडी घेतली, १९७६ची एमजीबी. बंपर बदलायला पैसे नाहीत. निदान तारांची चाकं लावली तर जुनी दिसेल ना? – कॉलेजातला वाचक

उत्तर : दिसेल. आणि तुझ्या वयात मीही आधी चाकंच घेतली असती. पण दोन प्रकार आहेत ते समजून घे. खरी तारांची चाकं मधल्या एका मोठ्या नटावर बसतात, त्यांना खाचांचे हब (चाक ज्यावर चढतं तो मधला भाग) लागतात आणि मागे त्यांच्या मापाचा ॲक्सलही, कारण पोलादी चाकांचा ॲक्सल रुंद आहे. दुसरा प्रकार चार नटांवर सरळ बसतो. तुझ्यासाठी दुसरा.

पहिल्या प्रकाराच्या वाटेला गेलासच तर माझी फजिती ऐकून ठेव. या गाडीच्या डाव्या बाजूच्या हबला नेहमीचे उजवे आटे असतात आणि उजव्या बाजूच्या हबला उलटे. चाक फिरताना नट आपोआप आवळला जावा म्हणून ही योजना आहे. मी हब साफ करून रात्री बसवले, उजवा-डावा अदलाबदल करून. गाडी चालली छान. तिसऱ्या दिवशी ठक-ठक आवाज आला म्हणून उतरलो, तर नट हाताने फिरत होता. चाक घरी पोहोचलं ते नशिबाने. तेव्हापासून खुणेसाठी उजवीकडच्या हबांना आतून लाल रंगाचा ठिपका आहे. नट गाडी पुढे जाण्याच्या दिशेने फिरवला की सुटला पाहिजे, दोन्ही बाजूंना. एवढं पाठ कर.

आणि तारांचे आरे धुवायला दर वेळी एक तास लागतो. ते मी मुद्दाम शेवटी सांगितलं.

प्रश्न : माझी १९७६ची एमजी मिजेट. तिला गोल चाककमानींच्या मधल्या काळातल्या गाडीसारखी करता येईल का? – धाकटीवर प्रेम असलेला

उत्तर : करता येईल, पण का? मिजेटच्या मागच्या चाकांवरची कमान मुळात वरून सपाट होती. १९७२च्या मॉडेलला ती गोल केली, दिसायला गोड, आणि १९७४ला रबरी बंपर आले तेव्हा पुन्हा सपाट केली, कारण गोल कमानीचं अंग मागून बसणाऱ्या धक्क्याला कच्चं पडत होतं. म्हणजे तुमच्या गाडीची मागची बाजू आजच साठच्या दशकासारखी आहे. रबर काढा, क्रोम लावा, खाली बसवा, आणि १९६८ म्हणा. गोल कमानीसाठी मागचे दोन्ही मडगार्ड कापून टाकण्यात मला अर्थ दिसत नाही.

फक्त बॉनेट कुणासमोर उघडू नका. तुमच्या गाडीत ट्रायम्फ स्पिटफायरचं १४९३ सीसीचं इंजिन आहे, आणि जाणकार ते दहा पावलांवरून ओळखतो.

प्रश्न : एमजीबद्दल पुरे. फोक्सवॅगन बीटलची टप उघडणारी १९७९ची गाडी साठच्या दशकातली करायची आहे. मडगार्ड तर बोल्टवरच असतात! – बीटलवाली

उत्तर : मडगार्ड असतात, काच नसते. तुमची गाडी १३०३ या मॉडेलची. ओस्नाब्रुकला कारमानच्या कारखान्यात या गाड्या जानेवारी १९८०पर्यंत बनल्या, आणि १९७३च्या मॉडेलपासून त्यांची पुढची काच बाकदार आहे. काचेला बाक आला म्हणून बॉनेट आखूड आणि फुगीर झालं, पुढचं सस्पेन्शनही वेगळं. जुन्या गाडीची सपाट काच, लांब उतरतं बॉनेट आणि १९६७पर्यंतचे तिरके दिवे हे तिघे एकत्र शोभतात. तुमच्याकडे त्यातल्या एकाचीही जागा नाही.

असंच एकदा एका अल्फा रोमिओ स्पायडरवाल्यालाही मी निराश केलं होतं. १९६६ ते १९६९ची स्पायडर मागे गोल निमुळती होत जाते, १९७० पासूनची शेपटी सुरीने कापल्यासारखी सरळ. त्याला गोल शेपटी हवी होती. ती बोल्टवर येत नाही. तुम्ही बारीक बंपर आणि जुन्या धाटणीच्या चाकटोप्यांवर समाधान माना. १३०३ स्वतःच्या रूपात छान दिसते.

प्रश्न : आपण वाचकांना जुन्या गाड्या मोडायला शिकवत आहात. रबरी बंपर हाही इतिहासच आहे. पन्नास वर्षांनी मूळ रूपातली एकही रबरी गाडी उरणार नाही, त्याला आपण जबाबदार. – एक संतप्त वाचक

उत्तर : साहेब, तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे, आणि आधी वाटायचं त्यापेक्षा आता जास्त मान्य आहे. एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनली. त्यातली सहा वर्षं रबराची, म्हणजे तिच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा. तो पुसून टाकावा असं मी म्हणणार नाही. शेवटी इंग्लंडसाठी १००० खास गाड्या काढल्या, टप उघडणाऱ्या कांस्य रंगात आणि बंद छपराच्या जीटी राखाडी रुपेरी रंगात. त्यांतली कुणाकडे असेल आणि तो मला क्रोमबद्दल विचारेल तर मी त्याच्या पत्राला उत्तर देणार नाही. मूळ रंगातली, कमी चाललेली, एकाच घरात राहिलेली गाडीही अशीच सोडून द्यावी. आपल्याकडे काय आहे ते नक्की नसेल तर गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून कारखान्याच्या नोंदींवरून दाखला मिळतो. कापायला घेण्याआधी तो मागवा.

पण माझी गाडी आली तेव्हा तिचे दोन्ही सिल गेलेले होते, पुढचा बंपर फाटलेला आणि त्यावर कुणीतरी घराच्या दाराचा काळा रंग दिलेला. तिचं मूळ रूप मी मोडलं नाही, मला ते भेटलंच नाही. आणि तुम्ही वर बघा, पहिल्याच पत्राला मी काय सांगितलं : आधी खाली बसवा आणि थांबा. यात एकही पत्रा कापला जात नाही, जुन्या स्प्रिंगा फडताळात राहतात, आणि हवं तेव्हा सगळं पुन्हा जसंच्या तसं. तुमच्याही गाडीला करून बघा. रागावू नका, फक्त मोजून बघा.

प्रश्न : काढलेल्या रबरी बंपरांचं काय करावं? – पुन्हा पिवळीचा मालक

उत्तर : अहो, तुम्ही दोन महिने थांबणार होतात!

असो. टाकू नका. आधी कुणी फुकट नेत नव्हतं, आता चांगला न फाटलेला बंपर शोधणारे लोक मला पत्रं लिहितात, आणि तुमच्या गाडीचा पुढचा मालकही बहुतेक त्यांच्यातलाच निघेल. बोल्ट एका पिशवीत घालून बंपरलाच बांधा, आणि बंपर सपाट जागी ठेवा, उभा टेकवून नव्हे. माझा मागचा भिंतीकडेला पडला आहे, त्यावर शेजाऱ्यांचं मांजर झोपतं. पुढचा गॅरेजच्या माळ्यावर. तो वर चढवायला दोन माणसं लागली होती. खाली उतरवायलाही दोन लागतील, आणि त्यातलं दुसरं माणूस म्हणतं, की सीटांचं मतदान मी जिंकले तेव्हाच माझं काम संपलं.